गोल डब्याचे घनफळ काढताना

वृत्तचितीचे घनफळ म्हणजे तळाचे क्षेत्रफळ गुणिले उंची, हे सूत्र शाळेतच पाठ झालेले असते. मात्र पुस्तकातल्या उदाहरणात त्रिज्या आयती दिलेली असते. माझ्यासमोर जाड प्लास्टिकचा एक उभा गोल डबा होता आणि त्यात किती पाणी मावेल हे आधी आकडेमोडीने सांगून मगच तो भरून पाहायचा होता. या कामात माझा बहुतेक वेळ त्रिज्या शोधण्यात गेला, आणि तो तिथेच खर्च व्हायला हवा असे माझे ठाम मत आहे.

डब्यावर वर्तुळाचा मध्य खुणावलेला नसतो, त्यामुळे त्रिज्या थेट मोजता येत नाही. काठावर मोजपट्टी सरकवत जे सर्वांत मोठे माप येईल तो व्यास, कारण व्यास ही वर्तुळाची सर्वांत मोठी जीवा असते. तरीही मी परिघाचा मार्ग धरला. कागदाची अरुंद पट्टी डब्याभोवती घट्ट गुंडाळली, तिचे टोक जिथे तिच्यावरच आले तिथे टोकदार पेन्सिलीने खूण केली आणि पट्टी उलगडून मोजली. दोरा ताणला की लांबतो, कागदाचे तसे होत नाही. परीघ ६७.२ सेंमी भरला. वर, मधे आणि खाली तोच आला, म्हणजे डबा निमुळता नव्हता. या मार्गाचा मोठा फायदा असा की परिघात एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी त्रिज्येत त्याचा जेमतेम सहावा हिस्सा उतरतो.

परिघाला पायने (π, परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर), म्हणजे ३.१४१६ ने भागल्यावर बाहेरचा व्यास जवळजवळ २१.४ सेंमी आला. पाणी आत मावते, म्हणून दोन्ही बाजूंची दोन-दोन मिलिमीटर जाडी वजा केली. आतला व्यास २१ आणि त्रिज्या १०.५ सेंमी. काठालगतची आतली उंची ३० सेंमी होती. त्रिज्येचा वर्ग ११०.२५, त्याला ३.१४१६ आणि ३० ने गुणून सुमारे १०,३९१ घनसेंमी, म्हणजे १०.३९ लीटर. जाडी वजा केली नसती, तर हाच आकडा जवळपास ४०० घनसेंमीने फुगला असता.

पायची किंमत २२/७ घ्यावी की ३.१४१६, यावर बरीच चर्चा होते. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये २०,००० व्यासाला ६२,८३२ परीघ सांगितला, तो ३.१४१६ च्या प्रमाणातच बसतो. माझ्या डब्यात या दोन किमतींमुळे पडणारा फरक अवघा चार घनसेंमी होता. उलट उंचीत एक मिलिमीटर चुकला तर ३५ आणि त्रिज्येत चुकला तर तब्बल १९८ घनसेंमींचा फरक पडतो, कारण त्रिज्येचा वर्ग होतो.

यानंतर मोजपात्राने पाणी ओतून पाहिले, तेव्हा डबा काठोकाठ भरायला सुमारे १०,३५० मिलिलीटर पाणी लागले. तफावतीचे कारण तळाशी सापडले: तळ मधोमध तीन मिलिमीटर वर उचललेला होता. अशा उथळ फुगवट्याचे घनफळ साधारणपणे तळाचे क्षेत्रफळ गुणिले फुगवट्याच्या उंचीच्या निम्मे असते, म्हणजे येथे ५२ घनसेंमी. ते वजा केल्यावर १०,३३९ उरतात. पाण्याने दिलेल्या मापाशी हे समाधानकारक जुळते.

आडव्या टाकीत मात्र केवळ खोलीवरून प्रमाण काढता येत नाही. पाणी व्यासाच्या पाव उंचीपर्यंत असेल, तर टाकी पाव भरलेली नसते. पाण्याच्या पातळीच्या दोन टोकांचा वर्तुळाच्या मध्याशी होणारा कोन १२० अंशांचा धरून वर्तुळखंडाचे, म्हणजे पाण्याने व्यापलेल्या भागाचे, क्षेत्रफळ काढले, की ती साधारण १९.५ टक्केच भरलेली असल्याचे दिसते. निम्म्या उंचीवर मात्र ती नेमकी निम्मी भरलेली असते.