२४ मिलिमीटरचा झेंडा

मी जहाजांची मॉडेल्स बनवतो, माझगावला छोटा गाळा आहे, २२ वर्षं झाली. एप्रिलमधली गोष्ट अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतोय.

आमचं नेहमीचं काम म्हणजे कंपन्यांच्या केबिनमध्ये काचेच्या पेटीत ठेवायचे टँकर नाहीतर टग. ड्रॉइंग मेलवर येतं, रंगाचा नंबर येतो, आपण बनवायचं. लोकांना वाटतं कोरीवकामात वेळ जातो, पण निम्मा वेळ रंग वाळायची वाट बघण्यात आणि धूळ बसू न देण्यात जातो, बस.

जानेवारीत एका शिपिंगशी संबंधित संस्थेचा फोन आला की ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिवस, त्याच्या कार्यक्रमाला 'एस. एस. लॉयल्टी'चं मॉडेल हवंय. मला खूप आनंद झाला, कारण हे जहाज मला लहानपणापासून बनवायचं होतं, आमचे मामा बोटीवर होते त्यांच्याकडून ऐकलेलं. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची पहिली बोट. आपल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींनी ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांकडून घेतली, आणि शिंदे म्हणजेच सिंदिया, कंपनीचं नाव तिथूनच आलं. महायुद्धात महाराजांनी ती हॉस्पिटल शिप म्हणून चालवली होती आणि लॉयल्टी हे नाव तेव्हाचंच. त्याच्या आधी ती कॅनडियन पॅसिफिकची 'एम्प्रेस ऑफ इंडिया', १८९१ ला इंग्लंडमध्ये बॅरोला बांधलेली.

आता कामाचं सांगतो. ४५५ फूट लांब, ५१ फूट रुंद, दोन फनेल म्हणजे धुराडी, तीन डोलकाठ्या. १:१५० ला केलं की जेमतेम ९२ सेंटिमीटर. पण हिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, आजच्या बोटींसारखी नाही, जुन्या शिडाच्या जहाजासारखी पुढे झेपावलेली, आणि मागची बाजू पाण्याच्या वर लांब बाहेर आलेली, आणि डेक दोन्ही टोकांना हलकासा वर जातो. हे तिन्ही बाक एकमेकांत मिसळले नाहीत तर बोट खेळण्यातली दिसते. मी शिवणीच्या फळ्या थरावर थर चिकटवून हल, म्हणजे बोटीचा सांगाडा-अंग, काढला आणि फक्त नाळेसाठी ११ दिवस घालवले, दोनदा पुट्टी खरवडून काढली. डोलकाठ्यांचे दोर जुन्या मोटरच्या वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेचे. लाइफबोटी टांगायचे वाकडे खांब, म्हणजे डॅविट, पितळी तारेचे, खिळे ठोकलेल्या पट्टीवर एकेक वाकवलेले, सगळे सारखे आले पाहिजेत. संस्थेने पाठवलेले फोटो निम्मे चुकीचे होते कारण या बोटीच्या दोन जुळ्या बहिणी होत्या, एम्प्रेस ऑफ जपान आणि एम्प्रेस ऑफ चायना, आणि नेटवर जो तो काहीही नाव टाकतो. कुणी तपासतच नाही, याचा मला फार राग येतो.

मागचा झेंडा मी शेवटी केला. पतंगाच्या कागदावर रंगवून फेविकॉलच्या पाण्यात भिजवायचा, तारेवर वळवून वाऱ्याची घडी द्यायची. २४ मिलिमीटर लांब, १२ रुंद. लाल कापड आणि वरच्या कोपऱ्यात युनियन जॅक, कारण १९१९ मध्ये हिंदी मालकीच्या बोटीलाही तोच लावावा लागायचा.

४ एप्रिलला दुपारी तीनला संस्थेचे दोघं बघायला आले. मोठे साहेब स्वतः वीस वर्षं बोटीवर काढलेले. नाळ बघून खूश झाले, दोर मोजले, मग मागे गेले आणि थांबले.

"दादा, हे काय लावलंय?"

"साहेब, त्या काळचा झेंडा."

"ते मला कळतं हो. पण उद्या वरची माणसं येणार, फोटो निघणार. तिरंगा लावा."

मी म्हटलं, साहेब, तुमच्या छातीवर बघा. ३० मार्चपासून सागरी दिवसाचा आठवडा साजरा होतो तेव्हा सगळे मर्चंट नेव्हीच्या झेंड्याची छोटी पिन लावतात, त्यांनीही लावली होती. लाल झेंडा, कोपऱ्यात तिरंगा. आजही भारतीय व्यापारी जहाजाच्या मागे हाच असतो, नुसता तिरंगा नाही. म्हणजे इतक्या वर्षांत लाल तोच राहिला, फक्त कोपरा बदलला. तेवढ्यासाठीच तर ती माणसं झगडली ना? ब्रिटिश कंपन्यांच्या हातात सगळी वाहतूक, भाडी त्यांची, बंदरात वजन त्यांचं, आणि दुसऱ्याचा झेंडा लावून का होईना पण मालक आपला अशी बोट यांनी लंडनला नेली. दुसऱ्याच दिवशी ६ एप्रिलला रौलट कायद्याविरुद्धचा हरताळ होता, चौपाटीवर माणसांचा समुद्र लोटला होता. त्या कोपऱ्यातला युनियन जॅक काढला तर या माणसांनी काय ओलांडलं ते दिसणार कसं?

साहेब काही बोलले नाहीत. बरोबरचा मुलगा म्हणाला, "मग सर, हाच पिनवाला लावू. लाल तो लाल."

आणि मी हो म्हटलं. निम्मे पैसे यायचे होते, कार्यक्रमाला १८ तास उरलेले, आणि मनात असंही आलं की नुसत्या तिरंग्यापेक्षा हे बरं, निदान व्यापारी झेंडा तरी आहे. तीन शून्याच्या ब्रशने त्या १२ बाय ६ मिलिमीटरच्या कोपऱ्यावर आधी पांढरा हात मारला, मग केशरी, हिरवा, आणि चक्राचा निळा ठिपका टाचणीच्या टोकाने. हात अजिबात थरथरला नाही. काम सुबक झालं, तेच जास्त लागतंय.

दुसऱ्या दिवशी मॉडेल स्टेजच्या बाजूला होतं. मागच्या बॅनरवर कंटेनर जहाज, बंदरं, ग्रीन शिपिंग, करिअर. खाली लिहिलेलं 'भारताचं पहिलं जहाज'. हे मी फायनल व्हायच्या आधी बदला म्हणून सांगितलं होतं, कारण चिदंबरम पिल्लै यांनी १९०६ लाच तुतिकोरिनला स्वदेशी कंपनी काढून कोलंबोला बोटी चालवल्या होत्या, पुढे राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना तुरुंगात जावं लागलं. त्यांना बाजूला सारून लॉयल्टी मोठी होत नाही. भाषणं चांगली होती, पण लॉयल्टी प्रत्येकात एका वाक्यात आली आणि गेली. हा दिवस सरकारने १९६४ पासून पाळायला घेतला तेव्हा सिंदियाच्या बोटी समुद्रात होत्या, कंपनीतली माणसं हयात होती. आता कंपनी नाही, बॅलार्ड इस्टेटच्या सिंदिया हाऊसमध्ये इन्कम टॅक्सची ऑफिसं आहेत. नव्या पोरांना नोकऱ्यांचं सांगायलाच हवं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ही बोट फायद्यात गेली नाही आणि १९२३ मध्ये मुंबईतच भंगारात निघाली, तरी कंपनी उभी राहिली, हे त्या पोरांना ऐकायला मिळालं असतं तर जास्त उपयोगी पडलं असतं असं मला मनापासून वाटतं.

चहाच्या वेळी एक कॅडेट मुलगी पेटीला नाक लावून बघत होती, खूप वेळ. डॅविट बघितले, दोर बघितले, माझ्या कामाकडे इतकं कुणी बघत नाही. मग तिने साहेबांना विचारलं, "सर, तेव्हापण आपलाच झेंडा होता?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हो, मग."

तिने फोटो काढला. मी तिथेच, दोन हातांवर, चहाचा कप घेऊन उभा होतो आणि बोललो नाही.

घरी येऊन रात्री दुसरा झेंडा केला, १९१९ चा. २४ बाय १२, तीच घडी. टेबलावर डबीत आहे. पेटीची किल्ली संस्थेकडे असते, तीन वेळा फोन केलाय, बघू म्हणालेत.