पिकअपचं चार्जिंग: ३५०चा आकडा आणि गराजमधली वायर

मंडळाच्या गणपतीचं मखर, स्पीकर, घडीच्या खुर्च्या आणि उन्हाळ्यात मागे ओढायचा छोटा कॅम्पर (मुक्कामाची सोय असलेला ट्रेलर), एवढ्या भांडवलावर मी घरात विजेवरच्या पिकअपची गरज पटवून दिली होती. पहिला होता फोर्डचा एफ-१५० लाइटनिंग, लीजवर. लीज संपल्यावर शेवरलेचा सिल्व्हराडो ईव्ही घेतला. डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या माझ्या मित्रांसाठी दोन्ही ‘टेम्पो’च. पण नवा टेम्पो घेतला तो चार्जिंगसाठी. जुना ट्रक उत्तम होता, फक्त लांबच्या प्रवासात चार्जरवर बसून कॉफी फार व्हायची. नव्याच्या माहितीपत्रकात फास्ट चार्जिंगच्या वेगाचा ३५० किलोवॅट असा ठसठशीत आकडा होता. तो आकडा खरा निघाला. मात्र तो कधी दिसतो आणि कधी दिसत नाही हे समजायला एक अख्खा हिवाळा आणि एक उन्हाळा गेला.

सुरुवात घरापासून करावी लागली. या ट्रकची बॅटरी साधारण २०५ युनिटची (म्हणजे किलोवॅट-तासांची) आहे. आईच्या पुण्यातल्या फ्लॅटचं महिन्याचं बिलसुद्धा एवढ्या युनिटचं येत नाही. जुन्या ट्रकसाठी गराजमध्ये २४० व्होल्टचं ५० अँपचं सॉकेट लावलेलं होतं, तेच वापरू असा माझा विचार होता. इलेक्ट्रिशियनने सॉकेट उघडून मागची बाजू दाखवली. एका स्क्रूभोवतीचं प्लास्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी झालं होतं. ही स्वस्तातली सॉकेटं स्वयंपाकाच्या शेगडीसाठी बनवलेली असतात. शेगडी तासभर चालते आणि थंड होते, ट्रक मात्र रात्रभर सलग ओढत राहतो. तीन तास किंवा जास्त चालणाऱ्या लोडला इथले नियम ब्रेकरच्या ८० टक्क्यांवर जाऊ देत नाहीत. म्हणून ५० अँपच्या सॉकेटवर ४० अँपच, आणि तेही सॉकेट दणकट असेल तर.

मला हवा होता ८० अँपचा चार्जर, कारण ट्रक घरच्या विजेवर १९.२ किलोवॅटपर्यंत घेऊ शकतो. म्हटलं, घेतोच आहोत तर पूर्ण घेऊ. त्यासाठी १०० अँपचा ब्रेकर लागतो आणि आमच्या घराचं अख्खं पॅनेल १५० अँपचं. इलेक्ट्रिशियनने एसी, ड्रायर, शेगडी यांची बेरीज मांडली, कागद माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, “रोज किती मैल जाता?” जाऊन-येऊन पन्नास. हा ट्रक एका युनिटमध्ये साधारण दोन मैल जातो, म्हणजे रोजची गरज पंचवीस युनिट. ४८ अँपचा चार्जर साडेअकरा किलोवॅट देतो, अडीच तासांत काम फत्ते. ८० अँपसाठी बाहेरच्या खांबापासून सर्व्हिस, म्हणजे घराला येणारी मुख्य जोडणी बदलायची, हजारो डॉलर घालायचे, आणि मिळणार काय? ट्रक पहाटे तीनऐवजी पहाटे दोनला भरणार. तेव्हा घरात सगळे झोपलेलेच असतात.

४८वर ठरलं, तरी एक गोष्ट सांगतो, कारण कोटेशन मागवणाऱ्या प्रत्येकाला ती उपयोगी पडेल. पहिल्या ठिकाणाहून आलेल्या कोटेशनमध्ये भिंतीतून जाणारी साधी घरगुती केबल होती, सहा गेजची (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड). स्वस्त होतं. दुसऱ्याने समजावलं की या प्रकारच्या सहा गेजच्या तांब्याच्या केबलची मर्यादा ५५ अँप धरतात. ४८ अँपच्या सलग लोडला सव्वापट धरून ६० हवेत. म्हणजे एक तर चार गेजची जाड केबल, नाही तर तीच सहा गेजची पण पाइपातून ओढलेली सुटी वायर. आम्ही पाइप घेतला. सॉकेट काढून चार्जर थेट वायरला जोडला. ब्रेकरचे स्क्रू त्याने टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर दाखवणाऱ्या स्क्रूड्रायव्हरने आवळले, ठरलेल्या आकड्याला ‘टक’ आवाज येईपर्यंत. घरगुती चार्जिंगमध्ये जे जळतं ते बहुतेक सैल स्क्रूपाशीच जळतं, हे त्या तपकिरी प्लास्टिकने आधीच दाखवलं होतं.

टाउनशिपचं परमिट ऑनलाइन निघालं. इन्स्पेक्टर आला, पॅनेलचं झाकण उघडायला लावलं, वायरचा गेज वाचला, स्टिकर चिकटवला आणि गेला. कर-सवलतीचं म्हणाल तर चार्जर आणि तो बसवायच्या खर्चाच्या ३० टक्के, जास्तीत जास्त १,००० डॉलर, अशी एक केंद्रीय सवलत होती. पण ती ठरावीक जनगणना विभागांतल्या पत्त्यांनाच होती आणि आमचा पत्ता त्यात बसला नाही. शिवाय ३० जून २०२६ नंतर बसवलेल्या चार्जरला ती नाहीच.

आता रस्त्यावरचं. यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

जुना ट्रक ४०० व्होल्टच्या घराण्यातला होता, वरची मर्यादा दीडशे किलोवॅटच्या आसपास. आता किलोवॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँप, आणि फास्ट चार्जरची केबल साधारण ५०० अँपच्या पुढे जात नाही. ४०० व्होल्टला कितीही ताणलं तरी दोनशेच्या आसपास छत लागतं. सिल्व्हराडोच्या पोटात बॅटरीचे २४ मॉड्यूल आहेत, दोन थरांत. चालताना दोन्ही अर्धे समांतर असतात, ४०० व्होल्टवर. ८०० व्होल्टच्या फास्ट चार्जरला लावलं की तेच दोन अर्धे एकामागे एक जोडले जातात आणि गाडी ८०० व्होल्टची होते. अँप तेवढेच, किलोवॅट दुप्पट.

हे प्रत्यक्ष ऐकू येतं. केबल आत द्रव खेळवून थंड ठेवलेली असते, तरी चांगली जड. कनेक्टर बसला की चार्जर आणि ट्रक यांची आपसांत काही क्षण बोलाचाली चालते, मग सीटखालून दोन-तीन जाड ‘कट्-कट्’ येतात आणि पंखे सुरू होतात. स्क्रीनवरचा आकडा ९०, १८०, २६० असा चढत तीनशेच्या पुढे जातो. पहिल्यांदा बघताना मी बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, “छान. पण टक्के तर हलतच नाहीयेत!”

तिचं बरोबर होतं, आणि माझ्या मते मोठ्या पिकअपच्या चार्जिंगबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. या ट्रकचे दहा टक्के म्हणजे वीस युनिट. एखाद्या मध्यम गाडीचे दहा टक्के म्हणजे सात-आठ. टक्क्यांकडे बघत बसलं की शेजारची छोटी गाडी कायम पुढे पळताना दिसते. मिनिटाला किती मैल आत आले ते मोजा. लाइटनिंग दीडशे किलोवॅटवर दहा मिनिटांत पंचवीस युनिट घ्यायचा, म्हणजे पन्नासेक मैल. हा त्याच दहा मिनिटांत शंभर मैल घेतो. कंपनीचा दावाही तोच आहे आणि माझ्या अनुभवात तो टिकला, बॅटरी गरम आणि अर्ध्याहून रिकामी असेल तेव्हा. आमच्या मामांना फोनवर फक्त ‘ॲव्हरेज किती देते?’ एवढंच हवं असतं. दोन मैल युनिटला, हे उत्तर ऐकून ते अजून नाराज आहेत.

‘बॅटरी गरम असेल तेव्हा’ ही अट आमच्या थंड मिशिगनमध्ये छोटी नाही. बॅटरीच्या थंड पेशीत (सेलमध्ये) लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरायला वेळ घेतो. जबरदस्ती केली तर तो वरच धातू होऊन साचतो आणि पेशी कायमची बिघडते. म्हणून गाडी स्वतःच करंट आखडता घेते. जानेवारी २०२४मध्ये शिकागोच्या कडाक्यात चार्जरसमोर रांगेत अडकलेल्या गाड्यांच्या बातम्या सगळीकडे झळकल्या, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं. यावरचा इलाज म्हणजे पोहोचण्याआधीच बॅटरी तापवून ठेवायची. ट्रक ते आपणहून करतो, पण एका अटीवर: चार्जिंगचं ठिकाण गाडीच्या स्वतःच्या नकाशात टाकलेलं हवं. फोनवर नकाशा लावून निघालात तर ट्रकला बिचाऱ्याला कळणार कसं की आपण चार्जरकडे चाललोय? या गाडीत कारप्ले (आयफोन गाडीच्या पडद्यावर दाखवायची सोय) नाही म्हणून मी भरपूर कुरकुर केली होती. हिवाळ्यात ती आपोआप बंद झाली. शून्याखालच्या सकाळी एकाच स्टेशनवर एकदा तापवून आणि एकदा न तापवता लावून पाहिलं. न तापवलेला ट्रक कितीतरी वेळ शंभरच्या आतच घुटमळत होता.

दुसरी अडचण स्टेशनची. खांबावर ३५० लिहिलेलं असलं तरी काही ठिकाणी दोन खांब मागच्या एकाच वीजयंत्रणेच्या कपाटातून वीज वाटून घेतात. शेजारी कोणी येऊन लावलं की आपला आकडा उतरतो. यात चूक कोणाचीच नसते, चिडचिड मात्र होते. पर्याय असेल तर मी टोकाचा, एकटा खांब धरतो.

टेस्लाच्या सुपरचार्जर या फास्ट चार्जरांबद्दल थोडक्यात. ते फोर्डला फेब्रुवारी २०२४च्या शेवटी आणि जनरल मोटर्सच्या गाड्यांना त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये खुले झाले. त्यांचा प्लग वेगळा, म्हणून आमच्या ट्रकला अडॅप्टर लागतो, जनरल मोटर्सने तो २२५ डॉलरला ठेवला होता. तिथली सर्वाधिक दिसणारी तिसऱ्या पिढीची यंत्रं ४०० व्होल्टच्या गाड्यांसाठी बांधलेली आहेत, त्यामुळे ट्रकची ८००ची करामत तिथे चालत नाही. मी त्यांच्याकडे अडीअडचणीचा शेजारी म्हणून बघतो. ट्रक जवळपास सहा मीटर लांब, त्यामुळे नाक रस्त्यात येतं आणि लोक बघतात. भारतात गाड्यांसाठी सीसीएस-२ प्लगचं एकच भोक जवळपास सगळीकडे, इथे खिशात लोखंडी ठोकळा घेऊन फिरायचं!

आणि आता कॅम्पर. ट्रेलर लावला की रेंज जवळजवळ अर्धी होते. वजनापेक्षा वारा जास्त खातो. सपाट तोंडाचा डबा महामार्गावर ओढणं म्हणजे हवेची भिंत ढकलत नेणं. आय-७५ महामार्गाने उत्तरेला मॅकिनॉकडे जाताना बे सिटीनंतर वेगमर्यादा ७५ मैल आहे, पण मी कॅम्परसह साठच्या वर जात नाही. अशा वेळी दहा मिनिटांचे शंभर मैल पन्नासच उरतात. त्यापेक्षा वैताग देते ती जागा. बहुतेक चार्जर पार्किंगच्या खणासमोर, म्हणजे गाडी आत घालायची किंवा उलटी लावायची. पेट्रोल पंपासारखं एका बाजूने शिरून दुसरीकडून निघता येईल अशा जागा फार कमी. मग कॅम्पर कुठेतरी कडेला सोडायचा, चाकाला ठोकळे लावायचे, साखळ्या आणि वायर काढायची, चार्ज करून परत सगळं जोडायचं. ३५० किलोवॅटने वाचवलेली वीस मिनिटं ही जोडाजोडच खाऊन टाकते. चार्जिंग सुधारलं म्हणणाऱ्या कंपन्यांनी एकदा ट्रेलर लावून उत्तर मिशिगनला जाऊन यावं.

म्हणून ट्रेलरसोबत आम्ही फास्ट चार्जर कमी आणि कॅम्पग्राउंड जास्त वापरतो. बऱ्याच ठिकाणी खणाच्या खांबावर दोन सॉकेटं असतात, एक ३० अँपचं आणि एक ५० अँपचं. कॅम्परला ३० पुरतं, ५०वर ट्रकची सुटी केबल. ३२ अँपवर रात्रभरात सत्तरेक युनिट आत येतात. काही ठिकाणी वेगळे पैसे घेतात, काही ठिकाणी सरळ नाही म्हणतात, म्हणून बुकिंग करतानाच फोनवर विचारून ठेवायचं. उन्हाळ्याच्या संध्याकाळी सगळ्यांचे एसी चालू असतात तेव्हा तिथला व्होल्टेज पडतो. तेव्हा केबलवरचं बटण दाबून २४ अँपवर आणायचं आणि रात्री अकरानंतर, शेजाऱ्यांचे एसी थंडावले की, पुन्हा ३२वर न्यायचं.