कुलूप लावलं, ओढून पाहिलं, तरी खात्री का पटत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते. ओसीडी, म्हणजे मंत्रचळ (नको असलेली शंका आणि तिच्यापायी तीच कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा मानसिक आजार), असलेली माणसं आणि त्यांच्या घरचे हा प्रश्न फार वेळा विचारतात: "कुलूप स्वतःच्या हाताने लावलं, तरी चार पावलं गेल्यावर शंकेची पाल चुकचुकतेच. एकदाच अगदी मन लावून पाहिलं, तर ती जाणार नाही का?"

नाही जाणार. उलट, मन लावून पुन्हापुन्हा पाहण्यानेच ती वाढते. नेदरलँड्समधल्या मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट यांनी २००३ साली हे प्रयोगातून दाखवलं. ओसीडी नसलेल्या लोकांना त्यांनी संगणकाच्या पडद्यावरची गॅसची बटणं वारंवार तपासायला लावली. शेवटी काय तपासलं ते लोकांना बरोबर आठवत होतं, पण आठवण धूसर झाली होती आणि तिच्यावरचा भरवसा उडाला होता. तीच कृती पुन्हापुन्हा केली की ती यांत्रिक होते, तिचे बारकावे मनात उमटत नाहीत. मग 'स्पष्ट आठवत नाही, म्हणजे लावलंच नसेल' असं वाटतं आणि पाय मागे वळतात. दोष स्मरणशक्तीचा नाही. 'मनाला पटेपर्यंत तपासणं थांबवायचं नाही' हा नियमच चुकीचा आहे.

अशी शंका कुणालाही येते. रोज एका तासाहून जास्त वेळ त्यात जात असेल किंवा कामं अडत असतील, तर मात्र ती सवय म्हणून सोडून देऊ नये.

यावरचा सगळ्यात भरवशाचा मानसोपचार म्हणजे ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन): भीती जागी होईल अशी परिस्थिती मुद्दाम ओढवून घ्यायची आणि नेहमीची कृती करायची नाही. आधी आठवडाभर वहीत नोंद ठेवा: केव्हा, कशामुळे, किती वेळा तपासलं, किती मिनिटं गेली, भीती ० ते १०० मध्ये किती. त्यावरून आठ-दहा पायऱ्यांची शिडी तयार होते. कपाट एकदाच बंद करणं ३० वर असेल, घरी कुणी नसताना कुलूप लावून दिवसभर बाहेर जाणं ९०. सुरुवात ३०-४०च्या पायरीपासून करा. एकदम ९०वर उडी मारणारा बहुतेकदा अर्ध्या वाटेतून परततो, आणि 'मला हे जमत नाही' एवढंच पक्कं होतं.

कुलपाच्या पायरीवर चावी फिरवायची, एकदा ओढायचं, निघायचं. टक लावून बघायचं नाही, मोजायचं नाही, 'लावलं' असं मोठ्याने म्हणायचं नाही, मोबाइलमध्ये फोटोही काढायचा नाही. फोटोचा उपाय अनेकांना सुचतो. थोड्याच दिवसांत फोटो आजचाच आहे ना, हे तपासणं सुरू होतं.

वाटेत भीती चढेल. तेव्हा 'लागलंच असणार' अशी स्वतःची समजूत घालू नका, तीही तपासणीच आहे. 'लागलं असेल, नसेलही' एवढंच म्हणा आणि हातातलं काम चालू ठेवा. भीती बहुधा आपोआप ओसरते. एखाद्या दिवशी नाही ओसरली तरी सराव वाया गेला नाही, कारण शंका तशीच ठेवून दिवस काढता येतो हे मन त्यातूनच शिकतं. एक पायरी रोज करा, ती कंटाळवाणी वाटू लागली की पुढची घ्या.

सराव करूनही फरक पडत नसेल, तर बहुतेक वेळा आत लपलेली कृती असते. पाय मागे वळत नाहीत, पण डोक्यात चावी फिरवल्याचं दृश्य दहादा चालवलं जातं. किंवा 'तू लाव ना' म्हणून जबाबदारी दुसऱ्यावर टाकली जाते. वहीत याही नोंदी हव्यात. अगदीच राहवलं नाही, तर परतणं आधी पाच मिनिटं पुढे ढकला, मग दहा.

घरच्यांबद्दल मला कळकळीने सांगायचंय. "लावलं ना?" या प्रश्नाला "हो" म्हणणं मायेपोटीच होतं, पण त्याने आपण त्यांच्या वतीने तपासून देतो. मात्र एका दिवसात उत्तरं बंद करू नका, रागावून तर नाहीच. दोघं शांत असताना वाक्य ठरवा: "हा प्रश्न ओसीडीचा वाटतोय, याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय. मी आहे सोबत."

त्रास जास्त असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा आणि ईआरपीचं प्रशिक्षण आहे का, हे स्पष्ट विचारा. सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटिनसारखी नैराश्यावरची औषधं ओसीडीसाठी बऱ्याचदा नैराश्याला लागतात त्यापेक्षा जास्त मात्रेत लागतात आणि त्यांचा गुण कळायला ८ ते १२ आठवडे जातात. तिसऱ्या आठवड्यात 'उपयोग नाही' म्हणून ती परस्पर बंद करू नका. जगणं नकोसं वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आणि मधेच एखाद्या दिवशी परत जाऊन कुलूप पाहिलंत, तर तिथेच पुन्हा एकदा उघडून लावा, एकदा ओढा, आणि ती शंका सोबत घेऊनच निघा.