दीड पानाचे नाटक

आमच्या शाळेत नाटक म्हणजे दिवाळीच्या सुटीनंतर वाटली जाणारी संहितेची झेरॉक्स, हे मी नोकरीला लागल्यापासून ठरून गेलेले आहे. ज्याचे पाठांतर चांगले तो नायक, ज्याचे ‘ण’ आणि ‘ळ’ स्वच्छ तो सूत्रधार आणि उरलेली मुले गर्दीत. शाळा सोलापूरच्या पूर्व भागाला लागून असल्यामुळे नववीतील निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते, काहींच्या घरी कन्नड, तर काहींच्या घरी दखनी उर्दू. ही मुले दर वर्षी गर्दीतच उभी राहत आली, आणि ती तिथेच का उभी असतात हा प्रश्न मी मराठीचा शिक्षक असूनही, किंवा बहुधा असल्यामुळेच, मला फार उशिरा पडला. गेल्या वर्षी मी झेरॉक्स काढली नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका नाट्यशिबिरात चार दिवस शिकलेली कॉमेडिया देल्लार्ते मी मुलांसमोर ठेवली.

ही सोळाव्या शतकातील इटलीची मुखवट्यांची विनोदी रंगभूमी. नावातील ‘आर्ते’चा रोख ललितकलेपेक्षा कसबाकडे, पोटापाण्याच्या धंद्याकडे अधिक आहे. २५ फेब्रुवारी १५४५ रोजी पादुआ शहरात आठ जणांनी नोटरीसमोर एक करार केला. सर्वांनी मिळून गावोगाव खेळ करायचे, कमाई तीन किल्ल्यांच्या पेटीत ठेवायची आणि सामान वाहायला सामाईक पैशातून एक घोडा घ्यायचा, असे त्यात ठरले होते. घोड्याचे कलम वाचल्यावर वर्ग हसला, पण फड म्हणजे काय हे मुलांना त्यावरून जितके समजले तितके माझ्या कुठल्याही व्याख्येने समजले नसते. या मंडळींकडे लिहून काढलेले संवाद नसत. कोण कुठून येतो, कोणाशी भांडतो, काय घेऊन जातो एवढाच आराखडा पडद्यामागे टांगलेला असे आणि बाकीचे सारे नटांनी प्रेक्षकांसमोर उभे करायचे. फ्लामिनिओ स्काला या नटाने १६११ मध्ये असे पन्नास आराखडे छापले, त्यांतही संवाद नाहीत. आपल्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही, कारण जुन्या तमाशातला वग याच रीतीने रंगत असे आणि कोकणात दशावतारी नट आजही राजसभेतील संवाद ऐन वेळी बोलतात. ही परंपरा घरची असताना मी मुलांना इटलीला का नेले, असे एका सहकाऱ्याने विचारले. सोंगाड्याची नक्कल मुलांनी मोबाइलवर इतक्या वेळा पाहिलेली आहे की ती लगेच त्या नकलेची नक्कल करू लागतात. पांतालोनेसारखे तिथले पात्र त्यांनी कुठेच पाहिलेले नव्हते, एवढेच माझे उत्तर होते.

पात्रे ठरलेली असतात. पांतालोने हा व्हेनिसचा कंजूष व्यापारी, दोत्तोरे हा बोलोन्याचा पढतमूर्ख, कापितानो हा शौर्याच्या बाता मारणारा आणि उंदराला भिणारा शिपाईगडी. यांच्या पायाशी असतो झान्नी, म्हणजे नोकर. झान्नी हे उत्तरेकडच्या बोलीतले जोव्हान्नी या नावाचे रूप, आपल्याकडच्या एखाद्या गण्यासारखे. तो बेर्गामोच्या डोंगराळ मुलखातून पोट भरायला व्हेनिसला आलेला असतो, सदा भुकेला असतो आणि त्याची बोली ऐकून शहरातले लोक हसतात. हे सांगताना माझ्या मनात दुसरे काहीच नव्हते, पण मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “म्हणजे आमचे आजोबाच की सर.” त्याचे आजोबा तेलंगणातून मागावर काम करायला सोलापुरात आले होते. वर्गातल्या पंधरा-वीस घरांची कहाणी तीच.

मूळ मुखवटे चामड्याचे असतात, लाकडी साच्यावर ओले चामडे ठोकून बसवलेले. ही विद्या जवळपास लोपली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर पादुआच्या आमलेतो सार्तोरी या शिल्पकाराने ती पुन्हा उभी केली. आम्ही शाडूच्या उंचवट्यावर वर्तमानपत्राचे कपटे खळीने चिकटवले. खळ कशी शिजवायची हे एका मुलीच्या आजीने शाळेत येऊन दाखवले, कारण माझ्या हातची खळ पहिल्या दिवशी गुठळ्यांची झाली होती. मुखवटा अर्धा असतो, म्हणजे कपाळ, नाक आणि गालाचा वरचा भाग झाकतो आणि ओठ व हनुवटी मोकळी ठेवतो. त्यामुळे बोलता येते, मात्र भुवया उडवून किंवा डोळे मोठे करून भागत नाही; जे सांगायचे ते मानेने, कमरेने आणि गुडघ्यांनी सांगावे लागते. नाक वळेल तिकडे प्रेक्षक पाहतो. प्रेक्षकांसमोर मुखवट्याला हात लावायचा नाही, हा एकच नियम मी कडकपणे पाळायला लावला, कारण हात लागला की तो पुठ्ठा आहे हे सर्वांच्या ध्यानात येते.

पहिले दोन आठवडे वाया गेले असेच म्हणावे लागेल. एक तर सगळे एकदम बोलत किंवा कोणीच बोलत नसे. दीड पानाचा आराखडा मी दिला आणि दुसऱ्या दिवशी चार जण रात्रभर बसून संवाद लिहून, पाठ करून आले. एक जण तर तो संवाद मुखवट्याच्या आतल्या बाजूला चिकटवून आला होता. मी रागावलो नाही, पण मुखवट्याआड तिरळे होऊन वाचणारा झान्नी हा त्या पंधरवड्यातला एकमेव खरा विनोद होता, हे मान्य केले पाहिजे.

वळण लागले ते माशीने. कॉमेडियात लाझी म्हणून ठरीव गमतींचे तुकडे असतात, आणि भुकेल्या नोकराने माशी पकडून खाणे हा त्यातला प्रसिद्ध तुकडा. ‘आमचे आजोबा’ म्हणणारा तो मुलगा उठला. आधी त्याने हवेतलीच एक कडक भाकरी गुडघ्यावर आपटून मोडली, तोंडाने ‘कट्’ आवाज काढून, आणि तुकडे वेचताना एक गळाला म्हणून जमिनीवर पालथा पडला. तुकडा सापडला, तर त्यावर माशी. नाकाचे टोक माशीच्या मागे फिरू लागले, खिडकीपाशी, फळ्यापाशी, माझ्या टेबलापाशी. चाळीस मुलांचा वर्ग त्या नाकामागे माना फिरवत होता. माशी सापडल्यावर त्याने ती तळहातावर ठेवली, एकेक पंख सोलला, दुसऱ्या हाताने शेंगाचटणीची चिमूट भुरभुरवली आणि डोळे मिटून घास घेतला. मग पोटावर हात फिरवत, कोणी न सांगता, तो तेलुगूत बोलू लागला. ‘आकली’ एवढा एकच शब्द मला समजला, म्हणजे भूक. सहामाहीच्या तोंडी परीक्षेत हा मुलगा माझ्यासमोर तीन वाक्यांवर अडला होता.

त्यानंतर एकीने भीत भीत विचारले, “सर, घरच्यासारखं बोललं तर चालतंय काय?” ते चालतेच, किंबहुना तोच या खेळाचा कणा आहे. मूळ कॉमेडियात पांतालोने व्हेनिसचे बोले, दोत्तोरे बोलोन्याचे आणि मोडक्यातोडक्या लॅटिनचे, झान्नी बेर्गामोचे, कापितानो पुष्कळदा स्पॅनिश वळणाचे. एकमेकांचे न कळणे हाच निम्मा विनोद. आमचा दोत्तोरे पुस्तकी मराठीत बोलू लागला, आणि ती मराठी इतकी ओळखीची होती की ती कोणाची आहे हे मी विचारले नाही. कापितानोच्या तोंडी दखनी आली. ज्या मुलीला पांतालोने व्हायचे होते तिला मी आधी प्रेमिकेची भूमिका देऊ केली होती; कॉमेडियात प्रेमिक जोडी मुखवट्याविना असते आणि इझाबेला आंद्रेइनी (१५६२-१६०४) या अभिनेत्रीने त्या भूमिकेला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली, हेही सांगून पाहिले. “मला नाकच पाहिजे,” असे तिने सांगितले. मग कंबर वाकवून, गुडघे फाकवून, एक हात सतत कनवटीला लावून ती कन्नड आणि मराठीच्या मिश्रणात उधारी मागू लागली, आणि नोकराला “काय करायलास बे?” असे दरडावले की वर्गाचा आवाज मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत जाई.

ऐन वेळचे म्हणजे मनाला येईल ते, असा समज मात्र काढून टाकावा लागला. इटालियन नटांकडे वेचक भाषणे, शिव्या, शोक, प्रेमालाप यांच्या टिपणांच्या वह्या असत. आम्हीही प्रत्येकाला शंभर पानी वही केली. पांतालोनेच्या वहीत उधारी न देण्याची एकवीस कारणे जमली. त्यातली निम्मी एका चादरीच्या दुकानात उभे राहून ऐकलेली आहेत.

एका आंतरशालेय स्पर्धेसाठी नाव नोंदवायला गेलो, तेव्हा संहितेच्या तीन प्रती मागितल्या. मी दीड पान पुढे केले. “संवाद कुठे आहेत?” “मुलांकडे.” अर्ज परत आला. आयोजकांचीही अडचण मला समजते, कारण गुण कशाला द्यायचे हे त्यांना कागदावर पाहायचे असते. खुद्द गोल्दोनी या इटालियन नाटककाराने १७४५ मध्ये लिहिलेल्या दोन धन्यांच्या नोकराच्या नाटकात पुष्कळसा भाग नटांच्या उत्स्फूर्ततेवर सोडला होता, आणि पुढे स्वतःच तो सगळा लिहून काढला. आम्हीही खेळ ध्वनिमुद्रित करून उतरवून काढावा असे एकाने सुचवले. उतरवायला बसलो, तर पहिल्याच पानावर चार भाषा आणि एक माशी. मी वही मिटली.

शेवटी खेळ डिसेंबरात शाळेच्या पटांगणात झाला. दीड पान विंगेत सुतळीने टांगलेले होते, प्रत्येक जण आत जाताना त्याकडे मान उंचावून पाही. मध्येच वीज गेली, तर झान्नीने धन्याने बिल न भरल्याचे तेलुगूत जाहीर केले. पहिल्या ओळीत बसलेल्या आज्या माझ्याआधी हसल्या.

मुखवटे कपाटात ठेवले होते. मे महिन्याची सुटी संपवून आलो तो पांतालोनेचे अर्धे नाक उंदरांनी खाल्लेले, कारण खळ शेवटी मैद्याचीच. पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालतात, तसे करावे असे आजीबाईंनी सांगितले आहे, पण मुलांच्या तोंडाजवळ ते नको वाटते. सध्या नवीन नाक शाळेच्या गच्चीवर वाळत आहे, आणि कपाटाला नवीन कुलूप मागण्याचा अर्ज मी दिलेला आहे.