खुराडं मी धूत नाही

‘दारात एवढ्या कोंबड्या, मग वास कसा येत नाही?’ घरी येणारं प्रत्येक माणूस हे विचारतं, मग ते मुंबईहून आलेलं असो की पलीकडच्या वाडीतलं. काही जण विचारायच्या आधी नाकाने खात्री करून घेतात, तेही मला दिसतं. पुढचे प्रश्न ठरलेले: फिनेल कुठलं वापरता, रोज धुता का, पाणी किती लागतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. खुराडं मी धूत नाही. वर्षातून एकदा, पाऊस सरला आणि ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की धुते, तेवढंच. एरवी पाण्याचा थेंब आत जाऊ नये यासाठीच माझी सगळी धडपड.

कारण साधं आहे. कोंबडीला वेगळी लघवी नसते. शीट पडते त्यावरचा पांढरा भाग म्हणजेच तिचं मूत्र, युरिक आम्ल. कोरडं असलं की ते निमूट पडून राहतं. ओल मिळाली की जिवाणू कामाला लागतात, त्याचा अमोनिया होतो, आणि नाकाला झोंबतो तो हाच. ताज्या विष्ठेत मुळातच पाऊण भाग पाणी. एक मोठी कोंबडी दिवसाला शंभरेक ग्रॅम तरी शिटते, म्हणजे दहा कोंबड्यांची रोजची किलोभर. त्यावर आपण आणखी बादली ओतायची आणि मग वास का येतो म्हणून विचारायचं!

वास घ्यायचा असेल तर उभ्याने घेऊ नका. उकिडवं बसा, कोंबडीचं डोकं असतं तिथे आपलं नाक न्या. तुमचे डोळे चुरचुरले, तर रात्रभर तिथेच बसणाऱ्या जिवाचं काय होत असेल? अमोनियाने त्यांच्या श्वासनलिकेचं आतलं अस्तर खराब होतं आणि मग साधी सर्दीसुद्धा हटत नाही.

जमिनीवर मी भाताचं तूस घालते, चार ते सहा इंच. गिरणीवर मिळतं. लाकडाचा भुसाही चालतो, पण फार बारीक नको, धूळ उडते. दोन-चार दिवसांनी दंताळ्याने खालवर करायचं, म्हणजे विष्ठा तुसात मिसळून सुकते. निम्मं काम कोंबड्याच करतात. मूठभर दाणे तुसात फेकले की सगळी गादी उकरून देतात. तूस ठीक आहे का हे बघायला मूठ आवळायची. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, हात उघडताच भुगा सुटला तर बरोबर. एका पक्ष्याला निदान दोन चौरस फूट जागा हवी. दाटीवाटीने कोंबलेलं खुराडं कुणालाच कोरडं ठेवता येत नाही, हे मी पैजेवर सांगते.

ओलीचा सगळ्यात मोठा उगम छपरात शोधू नका, पाण्याच्या भांड्यात शोधा. कोंबड्या त्यात पाय घालतात, चोचीने शिंतोडे उडवतात. भांडं त्यांच्या पाठीच्या उंचीवर, विटांवर ठेवावं आणि शक्यतो खुराड्याच्या बाहेरच. रात्री आत पाणी लागत नाही, कारण अंधारात कोंबडी ना खात ना पीत. पण विष्ठा मात्र रात्रभर पडत राहते, आणि तीही बसायच्या दांडीच्या बरोबर खाली. तिथे मी जुना पत्रा टाकलाय, त्यावर थोडं तूस. सकाळी चहाला आधण येईपर्यंत खुरप्याने खरवडून होतं. रोजचं काम म्हणाल तर एवढंच.

आता पावसाळा. देशावरची माझी मावसबहीण हसते, म्हणते त्यात काय एवढं. तिच्याकडे पाऊस येतो आणि जातो. आमच्याकडे रत्नागिरीला तो जूनमध्ये येऊन मुक्कामच ठोकतो. म्हणून आगोटीच्या बेगमीत मिठा-मिरचीबरोबर तुसाच्या गोणीही भरून माळ्यावर चढवते. जुलैत कोरडं तूस शोधत फिरलात तर मिळायचं नाही, आणि मिळालं तरी सादळलेलं.

झड लागू नये म्हणून लोक चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळतात. नेमकं तिथेच बिघडतं. कोंबडीला पिसं आहेत, गारठ्याने तिचं फारसं अडत नाही. कोंदलेली दमट हवा तिला बाधते. आमचा वारा नैर्ऋत्येचा, तेवढी बाजू बंद करायची. बाकी वरच्या अंगाला, वळचणीखाली, हातभर उंचीची जाळी उघडी ठेवायची. ओली गरम हवा वर चढते, तिला जायला वाट हवी. वळचण इतकी पुढे काढावी की पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील. कौल गळलंच, तर त्याखालचं भिजलेलं तूस त्याच दिवशी उचलायचं. उद्यावर टाकलंत तर कॉक्सिडिया, म्हणजे पिल्लांना रक्ती हगवण लावणारे सूक्ष्म परजीवी, तुमची वाट बघत नाहीत. त्यांची अंडी विष्ठेतून पडतात तेव्हा बाधत नाहीत. ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत पिकतात आणि मग पिल्लं पटापट जातात. त्या अंड्यांना फिनेलने काही होत नाही. कोरडेपणा मात्र सोसत नाही.

फिनेलवर माझा राग आहे तो यासाठीच. एक वास झाकायला दुसरा वास, एवढाच त्याचा उपयोग लोक करतात. कुठलंही जंतुनाशक शेणामातीवर ओतलं की तिथेच जिरून जातं. आधी जागा खरवडून स्वच्छ हवी. ब्लीचिंग पावडर तर ओल्या विष्ठेवर मुळीच टाकू नका. तिचा आणि अमोनियाचा संयोग झाला की विषारी वायू निघतो. चुना भुरभुरायचा तर कोंबड्या बाहेर चरत असताना. चुन्याने साचलेला अमोनिया आधी उसळून वर येतो, मग बसतो.

ऑक्टोबरातलं ते एकदाचं धुणं मात्र मन लावून करते. सगळं तूस बाहेर, भिंती खरवडायच्या, धुण्याचा सोडा घातलेल्या कढत पाण्याने घासायचं, दोन-तीन दिवस कडक ऊन द्यायचं, मग चुन्याचे हात. भेगा आणि सांधे आधी बुजवायचे, कारण गोचिडी तिथेच राहतात. दिवसा कोंबडीच्या अंगावर शोधाल तर मोठी एकही सापडणार नाही. रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या टोकांखाली बघा, रक्त पिऊन टम्म झालेल्या दिसतील. बांबूची पोकळ टोकं हा त्यांचा आवडता पत्ता, म्हणून मी दांडी भरीव लाकडाची केली. कोंबड्यांना लोळायला राख आणि सुकी माती मिसळून एक घमेलं भरून ठेवते. अंगावरच्या उवांचा बंदोबस्त त्या धूळ अंगावर घेऊन स्वतःच करतात.

बाहेर काढलेलं तूस थेट झाडाला घालू नका. गरम खत आहे, मुळं जाळतं. पातेऱ्यात, म्हणजे सुक्या पाल्यात, मिसळून, वर झाप टाकून तीन-चार महिने कुजवलं की माडांना घालते. माड खूश, मीही खूश.

एक गोष्ट स्वच्छतेने होत नाही, ती म्हणजे लस. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली तर लखलखीत खुराडंही रिकामं होतं, तेव्हा तिची लासोटा लस चुकवू नये. खुराड्यासाठी वेगळी चप्पल ठेवा, दुसऱ्याच्या कोंबड्यांत फिरून आलेल्या पायांनी आत जाऊ नका. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू निघाला, तेव्हापासून हे सांगते आहे. एकाएकी तीन-चार कोंबड्या मेल्या तर त्या पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, फेकू नका, उघड्या हाताने उचलूही नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

जाता जाता अंड्यांचंही विचारता, म्हणून तेही. अंडीसुद्धा धुऊन ठेवू नयेत. कवचावर नैसर्गिक थर असतो, तो धुतला की बारीक छिद्रं उघडी पडतात, आणि थंड पाण्यात तर अंडं बाहेरची घाण आत ओढतं. थोडं लागलेलं असेल तर सुक्या फडक्याने पुसायचं. फारच माखलेलं निघालं तर ते त्याच दिवशी नीट उकडून घरातल्या पोरांना, आणि पाहुण्यांच्या पिशवीत सगळी कोरडी.