हरभऱ्याएवढा खडा

पहिल्याच बादलीला काकूंनी मला सुनावलं, "अरे, जन्मभर आम्ही तांदूळ रोळून खडे फेकले. तू आज खडेच रोळायला बसवलंस."

गिरगावातली चाळ, दुसरा मजला, आणि मोरीत उकिडवा बसलेला मी. समोर पंधरा किलो नवी खडी. गणपती आठ दिवसांवर आलेले आणि मखराच्या शेजारीच माशांचा तीन फुटी टँक, म्हणून काकांचा आग्रह, की पाहुण्यांना तळाची काच दिसता कामा नये. दिसत होती हे खरं. चार वर्षं दर पंधरवड्याला सायफन मारताना, म्हणजे पाइपाने तळाचं घाण पाणी ओढताना, थोडी थोडी खडी पाइपातून बादलीत आणि बादलीतून मोरीत जात राहिली. टँकचा मेंटेनन्स पहिल्या दिवसापासून माझ्याकडेच, त्यामुळे त्याबद्दल दुसऱ्या कुणाला बोलायची सोय नव्हती.

काकांना खरं तर जुनी सगळी काढून पांढरीशुभ्र खडी हवी होती. कुणाच्या तरी घराच्या कामातून उरलेल्या मार्बल चिप्सची पिशवीही त्यांनी आणून ठेवली होती. मी काकूंकडून व्हिनेगर मागितलं आणि वाटीतल्या एका खड्यावर चार थेंब टाकले. खड्याच्या कडेला बारीक बुडबुड्यांची रांग उठली आणि किंचित चुरचुर ऐकू आली. काकांची नात वाटीला नाक लावून बसली. म्हटलं, "काका, हा खडा पाण्यात हळूहळू विरघळतो. आपल्या नळाचं पाणी मुळात सॉफ्ट, त्याचा पीएच हा वर नेणार." गोल्डफिशला कठीण पाण्याचं एवढं वावडं नसतं, हे मी तेव्हा मुद्दाम बोललो नाही. पण पीएच चढला की तोच अमोनिया जास्त जहरी होतो, ही भीती खोटी नव्हती.

जुनी खडी काढायलाही मी नकार दिला. ती हातात घेतली की बुळबुळीत लागते, लोकांना ती घाण वाटते. त्या बुळबुळीतच टँकचं सगळं चालतं. तिथले जिवाणू माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. एका दिवसात सगळी उपसली, तर पाणी आरशासारखं दिसेल आणि चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंड वासतील. "काका, बाप्पाच्या आधी यांचं विसर्जन करावं लागेल," एवढं म्हटल्यावर ते गप्प झाले.

नव्या खडीला सात बादल्या पाणी लागलं. साबण नाही, पावडर नाही, नुसतं चोळायचं आणि पाणी ओतून द्यायचं. पहिली बादली दुधासारखी निघाली, सातवीत माझी बोटं दिसली. फिल्टर बंद केला, म्हणजे उठलेला गाळ स्पंजात ओढला जाणार नाही. लाइटही बंद. मासे बाहेर काढले नाहीत. जाळी घेऊन मागे लागण्यात त्यांची जेवढी दमछाक होते, तेवढी खडी घालण्यात होत नाही. दोन इंची पीव्हीसी पाइप तळापर्यंत सोडला आणि वरून वाटीवाटीने खडी आत टाकली. खुळखुळ आवाज करत ती जिथे पाहिजे तिथेच उतरते, पाणी ढवळत नाही. त्या दिवशी फक्त डावी बाजू भरली, पाच किलो. जुन्या थरावर एकदम जाड थर चढला तर खाली पाणी खेळत नाही आणि ते जिवाणू गुदमरतात. उरलेली पंधरा-पंधरा दिवसांनी घालायची ठरली.

चार मासे लांब कोपऱ्यात जाऊन थांबले. पाचवा लाडू. हे नातीने ठेवलेलं नाव. वीतभर लांबीचा ओरांडा जातीचा गोल्डफिश, डोक्यावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा तुरा. तो थेट पाइपाच्या तोंडाशी येऊन उभा. खडा पडला की तोंडात घ्यायचा, घोळवायचा, फू करून टाकायचा. गोल्डफिश दिवसभर हेच करतात. खडीतलं खाण्याजोगं तेवढं ठेवतात, बाकीचं थुंकतात. काकू म्हणाल्या, "बघ, माझ्यापेक्षा बरं रोळतोय."

इथेच मला शंका यायला हवी होती. जुनी खडी मुगाएवढी होती. क्रॉफर्ड मार्केटात त्या दिवशी मुगाएवढी मिळाली नाही, पुन्हा खेप नको म्हणून मी हरभऱ्याएवढी उचलली. आळस, दुसरं काही नाही.

संध्याकाळी दादरला एका क्लिनिकच्या टँकमध्ये कोपरापर्यंत हात घालून होतो, तेव्हा फोन आला. नात रडत होती. "दादा, लाडूचं तोंडच मिटत नाहीये."

स्लो लोकल, चर्नी रोडपर्यंत सहा स्टेशनं. एवढ्या वेळात सगळं आठवलं. माशाला श्वासासाठीही पाणी तोंडातूनच कल्ल्यांकडे न्यावं लागतं. गोल्डफिशचे दात घशात असतात, जबडा बोडका, त्यामुळे खडा फोडायची सोय नाही.

लाडू पृष्ठभागाजवळ तिरका तरंगत होता. तोंडाचा गोल उघडा आणि त्यात पांढरा खडा, बाटलीला बूच बसावं तसा. टँकमधलंच पाणी टबात घेतलं, हात त्यात भिजवले. कोरड्या हाताने धरलं की माशाच्या अंगावरचा चिकट थर निघून येतो. डाव्या मुठीत लाडूला डोकं खाली करून धरला. काकांनी मोबाइलची बॅटरी धरली, पण त्यांचा हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता. उजव्या अंगठ्याने गळ्याखाली, खड्याच्या अगदी मागे, हलकंसं दाबून पुढे सरकवलं. काही नाही. पाण्यात सोडला, श्वास घेऊ दिला. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा अंगठ्याखाली खडा फिरल्याचं जाणवलं आणि टबात टप् आवाज झाला.

लाडू मिनिटभर तळाला बसून राहिला, कल्ले भराभर हलत होते. मग शेपटी हलवत पुढे आला आणि टबात पडलेला तोच खडा तोंडात घेतला.

नात किंचाळली. मी बोट घालायच्या आत त्याने तो थुंकला.

नवी खडी त्याच रात्री काढायची ठरली. ती जुनीत मिसळायला लागली होती, म्हणून काकूंनी गव्हाची चाळण दिली. टँकच्याच पाण्यात चाळत बसलो. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जुन्या खडीवरचे जिवाणू मेले असते. मुगाएवढे खडे खाली पडत, हरभऱ्याएवढे वर राहत. नातीने ते मोजायला घेतले आणि चारशेच्या पुढे झोपून गेली. साडेअकरा वाजले. तळाची काच सकाळी दिसत होती तेवढीच पुन्हा दिसायला लागली. काका काही बोलले नाहीत.

ती चाळण काही परत गव्हाकडे गेली नाही. काकूंनी ती टँकखालच्या कपाटात टाकली आणि महिन्याच्या बिलातून माझे दोनशे रुपये कापले.