लाइट गेली आन् कार्टून पुस्तकात सापडलं

आज परभणीत दुपारभर लाइट नव्हती, भाचा रोबोटवालं कार्टून अर्धवट राहिलं म्हणून रडकुंडीला आलेला, मग मी त्याला माझ्याकडचं 'स्टार ट्रेक लॉग' या अंतराळ-सफरीच्या इंग्रजी पुस्तकमालेतलं पहिलं पुस्तक काढून मराठीत सांगत बसलो तर गडी दोन तास जागचा हलला नाही बघा! स्टार ट्रेकच्या १९७३-७४ च्या कार्टून मालिकेच्या २२ भागांवरून अ‍ॅलन डीन फॉस्टरनं ही १० पुस्तकं लिहिलीत. सुरुवातीला एका पुस्तकात तीन गोष्टी, पण सातव्यापासून एकेका भागाची पूर्ण कादंबरी केली, आन् मला तीच लई आवडतात, कारण पडद्यावर वीस-बावीस मिनिटांत जे उरकतं ते तिथं निवांत फुलतं, माणसं मनातलं बोलतात.

गंडम पण वाचाच. ही रोबोटवाली जपानी कार्टून मालिका १९७९ ची, दिग्दर्शक तोमिनोनं स्वतःच तीन कादंबऱ्या लिहिल्या आन् शेवट पार वेगळा केला, कसा ते सांगत नाही, मी मात्र त्या रात्री झोपलो नव्हतो.

इंग्रजीची भीती वाटत असंल तर लॉगपासून सुरू करा, भाषा सोपीये. लाइट आली तरी भाचा म्हणतोय, मामा पुढं सांग ना.